दोऱ्याच्या रकान्यात

मिरजेत, सतारमेकर गल्लीत मला बसायला जागा म्हणजे
भोपळ्यांच्या उतरंडीजवळचं एक पोतं.
माईक स्टुलावर, लॅपटॉप मांडीवर,
समोर दस्तगीरचाचा हाडाची घोडी कानशीने घासत.

"थांबा," मी म्हणते. ते थांबतात.
फुंकर मारून भुकटी उडवतात, घोडी बसवतात,
तंबोरा छेडतात: प, सा, सा, आणि खाली खर्ज.
चार तारा. दोनच स्वर.
पडद्यावर रेघा उगवतात
शाळवाच्या ताटांसारख्या, उंच-खुज्या,
आणि माझा प्रोग्राम,
ज्याला मी दोन वर्षं पियानोच्या जुड्या घोकायला लावल्या,
बिनदिक्कत लिहितो:
मेजर कॉर्ड. सा ग प. खात्री त्र्याण्णव टक्के.

ग?
चाचा सिकंदरकडे बघतात.
तो कोपऱ्यात खुंट्यांना लाख लावतोय, कोपरापर्यंत लाल.
"म्या न्हाई हात लावला."

आधी मी ती चूक धरली.
उंबरठा वर नेला, बारक्या रेघा छाटल्या.
गंधार गेला. त्याच्याबरोबर तंबोराही गेला.
उरली चार तारांची हजेरी,
मास्तर घेतात तशी.

मग उंबरठा खाली आणून मोजलं.
खर्ज एकोणसत्तर, वर थोडं.
त्याची पाचपट तीनशे सेहेचाळीस, वर अर्धा.
नेमका तिथे उभा होता तो, कुणी न बोलावता,
शेजारच्या दुकानातल्या पेटीच्या गंधारापेक्षा
चौदा सेंट खाली.

"ती पेटी चढी बोलते," चाचा म्हणाले,
"पन्नास वर्षं सांगतोय.
तुझ्या मशीनला आज कळलं."

अहवालात मी लिहिलं होतं: न वाजवलेला स्वर.
वाचून दाखवलं. कानस खाली ठेवली त्यांनी.
"वाजवला नाही, बरोबर.
पण वाजला की.
खोड ते."

तक्त्यात रकाने: तारेची जाडी, घोडीचा उतार, दोरा.
दोरा कुठला, चाचा?
"ही बाही उसवलीय ना, तिथला."
लिहिलं: सुती, पांढरा, बाहीचा.
तो दोरा तारेखाली केसभर सरकला
की माझा सगळा आलेख कूस बदलतो.
एकतीस ध्वनिमुद्रणं झाली.
एकोणिसाव्यात कोल्हापूरच्या गाडीचा भोंगा आहे.
प्रोग्राम त्यालाही कॉर्ड म्हणाला,
आणि ऐकलं तर, होताच तो.

एका दुपारी चहा यायचा होता,
म्हणून चाचांच्या कानाला हेडफोन लावले. गंमत म्हणून.
एक हजार. मान हलली.
दोन हजार. हलली.
तीन, जरा थांबून.
चार हजाराला ते सिकंदरच्या खुंट्या बघत राहिले.
आवाज वाढवला. आणखी वाढवला.
"लाव की आता," म्हणाले.
"झालं," म्हणाले मी, "संपलं."

जवारीची सगळी झळाळी त्याच्या वर असते.
सहा हजारापर्यंत. माझ्याकडे आलेख आहेत.

त्या संध्याकाळी त्यांनी पुढचा तंबोरा घेतला.
डोळे मिटून जबडा दांडीला टेकवला,
दुसऱ्या हाताने दोरा सरकवत गेले,
इतकं हळू की मला वाटलं, झोपले.
मग पडद्यावर एकदम
पार वरपर्यंत रेघा उभ्या राहिल्या,
बत्तीस मुद्रणांत सगळ्यात दाट.
प्रोग्राम सत्त्याण्णव म्हणाला.

कशाने लावला, असा रकाना तक्त्यात नाही.
घालावा का, हे मी विचारलं नाही कुणाला.

"शेवटच्या तारेला कमी पडतंय," चाचा म्हणाले,
"बाही संपली माझी. तुझ्या ओढणीचा एक दे."
मी कडेचा दोरा ओढला, दाताने तोडला,
आणि लिहिलं:
सुती, मोरपंखी, ओढणीचा.